दिवाळीची वाट पाहणारा वेल : परसबागेतील वालाची लागवड

नागपूरच्या जुन्या वस्त्यांत आणि जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत घरामागच्या वाडीत वालाचा वेल लावण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंपणाच्या कडेला चार दाणे टोचावेत, वेल कुंपणावर चढावा आणि हिवाळाभर घरच्या शेंगांची भाजी मिळावी, असा हा साधा व्यवहार आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही. लागते ती थोडी जागा, थोडे श्रम आणि बराचसा धीर.

नेमका हा धीरच आता कमी पडू लागला आहे. ज्या घरांत, शाळांत किंवा अंगणवाड्यांत परसबाग नव्याने सुरू होते, तेथे अनेकदा एक तक्रार पुढे येते. वेल जोमाने वाढतो, मांडव पानांनी भरून जातो. परंतु ऑगस्ट गेला, सप्टेंबर सरत आला, तरी एकही फूल दिसत नाही. ‘वेल वांझ निघाला’ असा निष्कर्ष काढला जातो आणि दसऱ्याच्या साफसफाईत तो मुळासकट उपटला जातो. वस्तुतः तो वेल वांझ नसतो. दिवस लहान होण्याची तो वाट पाहत असतो. आणखी तीन-चार आठवडे तो तसाच राहू दिला असता, तर त्याच मांडवाने पुढील तीन महिने शेंगा दिल्या असत्या. ही एक गोष्ट लागवड करणाऱ्याला आणि तिची पाहणी करणाऱ्याला माहीत असेल, तर परसबागेचे पुष्कळसे अपयश टळू शकते.

वालाचे कूळ आणि नावे

थंड हवेच्या देशांत घराच्या मागे काठ्यांवर चढविला जाणारा तांबड्या फुलांचा घेवडा प्रसिद्ध आहे. तो मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेतील उंच, शीतल प्रदेशातील. विदर्भाच्या उष्ण हवेत त्याची फुले गळतात, शेंग धरत नाही. त्याची जागा आपल्याकडे फार पूर्वीपासून वालाने घेतली आहे. वाल हे उष्ण प्रदेशातील, उन्हाला व कमी पाण्याला बऱ्याच प्रमाणात तोंड देणारे द्विदल पीक आहे.

महाराष्ट्रात या एकाच पिकाची अनेक रूपे व नावे आढळतात. कोकणात वाळलेल्या कडव्या वालाला मोड आणून त्याचे बिरडे करतात. पश्चिम महाराष्ट्रात पावटा आणि घेवडा ही नावे ऐकू येतात. पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात ‘पोपट’ या नावाने ओळखले जाणारे पीक याच कुळातील होय. नागपूरच्या बाजारात हिवाळ्यात येणाऱ्या चपट्या, हिरव्या किंवा जांभळट कडांच्या वालाच्या शेंगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. वांग्याबरोबर त्यांची केलेली भाजी घरोघरी आवडीने खाल्ली जाते.

दिवसाची लांबी आणि फूल

वनस्पतीला फूल केव्हा येते, हे केवळ तिच्या वयावर किंवा खतावर अवलंबून नसते. काही वनस्पती दिवस किती मोठा आहे आणि रात्र किती लांब आहे, यावरून ऋतू ओळखतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर आणि अॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांच्या आधारे ही गोष्ट प्रथम स्पष्टपणे मांडली. ज्या वनस्पती दिवस लहान होऊ लागल्यावरच फुलतात, त्यांना लघुदिवसी वनस्पती म्हणतात. वालाचे बहुतेक पारंपरिक वेलवर्गीय वाण या गटात मोडतात.

नागपूर सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे. येथे २१ जूनच्या सुमारास दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो. १५ ऑगस्टला तो सुमारे १२ तास ५० मिनिटांवर येतो. २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस व रात्र जवळजवळ समान होतात. १ नोव्हेंबरला दिवस सुमारे ११ तास २० मिनिटांचा आणि २२ डिसेंबरच्या सुमारास १० तास ५० मिनिटांचा असतो. म्हणजे पावसाळ्याचे पहिले अडीच-तीन महिने वालाच्या दृष्टीने वाढीचे असतात, फुलण्याचे नव्हेत. दिवस बारा तासांच्या आसपास किंवा त्याखाली आला, की वेलाला तुरे येऊ लागतात. दिवाळीच्या आगेमागे मांडवावर पांढरी किंवा जांभळी फुले दिसतात आणि नोव्हेंबरपासून शेंगांची तोडणी सुरू होते.

यावरून व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या तीन गोष्टी लक्षात येतात.

पहिली गोष्ट पेरणीच्या वेळेची. जूनअखेर लावलेला वेल आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात लावलेला वेल यांच्या फुलण्याच्या वेळेत फारसे अंतर राहत नाही. अंतर राहते ते वेलाच्या आकारात. मांडव मोठा असेल आणि भरपूर शेंगा हव्या असतील, तर लवकर पेरणी करावी. जागा लहान असेल, तर ऑगस्टमधील पेरणी अधिक सोयीची ठरते. वेल आटोपशीर राहतो आणि वाट पाहण्याचा काळही कमी होतो.

दुसरी गोष्ट रात्रीच्या प्रकाशाची. लघुदिवसी वनस्पतीला लांब आणि सलग अंधाराची गरज असते. त्यामुळे रस्त्यावरील दिव्याच्या अगदी खाली किंवा ओसरीवरील रात्रभर जळणाऱ्या दिव्याजवळ लावलेला वेल उशिरा फुलण्याची शक्यता असते. मांडवाची जागा निवडताना याचा विचार करावा.

तिसरी गोष्ट वाणाची. दिवसाच्या लांबीचे बंधन नसलेले वाणही आता उपलब्ध आहेत. बंगळूर येथील भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचे ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ हे झुडपासारखे वाढणारे, मांडवाची गरज नसलेले वाण कोणत्याही हंगामात फुलू शकतात. कुंडीत किंवा गच्चीवर वाल घ्यावयाचा असल्यास असे वाण निवडावेत. मात्र कुंपणावर चढून हिवाळाभर शेंगा देणारा वेल हवा असेल, तर गावातील जुने वाण आजही उत्तम होय.

जमीन व आळे

नागपूर परिसराची बरीचशी जमीन काळी व चिकण आहे. ती ओल धरून ठेवते, हा तिचा गुण. परंतु पावसाळ्यात तिच्यात पाणी साचते, हा तिचा दोष. येथे वर्षाला सरासरी सुमारे १,१०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. साचलेल्या पाण्यात वालाचे बी कुजते आणि उगवलेल्या रोपाची मुळे गुदमरतात. म्हणून येथे आळे खोलगट ठेवण्याऐवजी पावसाळ्यापुरते उंचवट्यावर करणे इष्ट ठरते.

सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच घेऊन तापू द्यावा. त्यात निघालेली माती, चांगले कुजलेले एक-दोन घमेली शेणखत आणि माती फार चिकण असल्यास थोडी वाळू मिसळून खड्डा जमिनीपेक्षा वीतभर उंच भरावा. पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी बाजूने लहानशी चर काढावी. पावसाळा संपल्यावर याच उंचवट्याभोवती मातीची कड करून त्याचे आळे बनविता येते.

एका ठिकाणी तीन-चार बिया दोन ते तीन सेंटिमीटर खोल टोचाव्यात. रोपे वीतभर झाल्यावर त्यांतील जोमदार दोन ठेवून उरलेली काढून टाकावीत. दोन आळ्यांत किमान चार-पाच फुटांचे अंतर असावे. गुळाच्या थंड पाण्यात कालविलेले रायझोबियम जिवाणूसंवर्धन बियांना चोळून, त्या सावलीत सुकवून पेरल्यास मुळांवर गाठी चांगल्या धरतात. या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात. म्हणूनच हंगाम संपल्यावर वेल उपटू नये. तो जमिनीलगत कापावा आणि मुळे जागीच कुजू द्यावीत. पुढच्या पिकाला त्यांचा लाभ होतो.

मांडव

वालाचा वेल वजनदार असतो. केवळ पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या काड्यांचा आधार त्याला पुरत नाही. सप्टेंबरमधील वादळी पावसात असा आधार कोसळतो. बांबूच्या किंवा बल्लीच्या चार खांबांवर सहा फूट उंचीचा मांडव उभारावा, त्यावर तारेची किंवा सुतळीची जाळी ताणावी आणि रोपापासून जाळीपर्यंत चढण्यासाठी पऱ्हाटीच्या काड्या लावाव्यात. सहा फुटांची उंची ठेवण्याचे कारण असे, की स्त्रियांना व मोठ्या मुलांनाही उभ्याने शेंगा तोडता याव्यात.

वेल कवेलूच्या छपरावर चढविण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे जागा वाचते, हे खरे. परंतु छपरावर ओल राहते आणि शेंगा तोडण्यासाठी वर चढणे धोक्याचे असते. वानरांचा उपद्रव असलेल्या गावांत छपरावरील शेंगा माणसांच्या हाती लागणेही कठीण होते. मांडव घराच्या दाराजवळ व नजरेच्या टप्प्यात असणे अधिक चांगले.

वेल मांडवाच्या उंचीपर्यंत पोहोचला, की त्याचा शेंडा खुडावा. त्यामुळे बाजूच्या फांद्या फुटतात, आणि शेंगांचे तुरे याच फांद्यांवर अधिक येतात.

पाणी, खत आणि कीड

पावसाळ्यात वेगळे पाणी देण्याची सहसा गरज नसते. ऑक्टोबरपासून मात्र ओल पाहून दर तीन-चार दिवसांनी पाणी द्यावे. फुले लागल्यानंतर पाण्याचा ताण पडल्यास फुले व कोवळ्या शेंगा गळतात. तांदूळ, डाळी व भाज्या धुतलेले पाणी वेलाला निर्धोकपणे देता येते. कपड्यांच्या साबणाचे किंवा सोड्याचे पाणी देऊ नये.

वेल फुलत नाही असे पाहून त्याला अधिक खत घालण्याकडे कल असतो. हा उपाय उलटा ठरतो. नत्रयुक्त खत जास्त झाल्यास पाने व वेल वाढत राहतात आणि फुले आणखी मागे पडतात. लागवडीच्या वेळी दिलेले शेणखत पुरेसे असते. फुले येण्याच्या सुमारास पुन्हा ओंजळभर कुजलेले खत व थोडी लाकडाची राख आळ्यात मिसळावी.

थंडी सुरू होताच कोवळ्या शेंड्यांवर काळसर मावा बसतो. सुरुवातीलाच तो दिसल्यास शेंडा खुडून नष्ट करावा किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारावा. ठिपक्यांचे ढालकिडे मावा खातात. त्यांना कीड समजून मारू नये. उपद्रव वाढल्यास निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी वाळलेल्या निंबोळ्यांचा ५० ग्रॅम गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावा आणि सकाळी गाळून त्यात साबणाचा थोडासा चुरा मिसळावा. शेंगा पोखरणारी अळी दिसल्यास किडक्या शेंगा वेचून नष्ट कराव्यात. दर चार-पाच दिवसांनी घरात खाल्ल्या जाणाऱ्या शेंगांवर विषारी कीटकनाशक फवारणे सर्वथा टाळावे.

आहारातील स्थान

वालाच्या वाळलेल्या दाण्यांत दर १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. कोवळ्या शेंगांत पाण्याचा अंश अधिक असल्याने हे प्रमाण बरेच कमी असते; तरीही अन्य अनेक फळभाज्यांपेक्षा ते अधिक असते. ज्वारी, गहू व तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते. वालासारख्या द्विदल धान्यात ते भरपूर असते. भाकरी किंवा भात आणि वाल एकत्र खाल्ल्याने ही उणीव भरून निघते. ज्या घरात डाळ रोज शिजत नाही, त्या घरातील वाढत्या मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वालाच्या पक्व, वाळलेल्या दाण्यांत पचनाला बाधा आणणारी द्रव्ये असतात आणि त्यांपासून विषारी सायनाइड सुटू शकते. म्हणून वाळलेला वाल कच्चा कधीही खाऊ नये. दाणे रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात चांगले उकळावेत आणि तेही पाणी काढून टाकावे. वाल भिजवून, मोड आणून, सोलून शिजविण्याची कोकणातील गृहिणींची रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. शाळेच्या बागेत मुलांनी दाणे तोंडात टाकू नयेत, याकडे शिक्षकांनी लक्ष ठेवावे. कोवळ्या शेंगा दोन्ही कडांचे दोर काढून नीट शिजवून खाव्यात.

बियाणे घरचेच

वालाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. त्यामुळे चांगल्या वेलाचे गुण पुढच्या पिढीत बऱ्याच अंशी टिकतात आणि दरवर्षी बियाणे विकत घेण्याची गरज राहत नाही. ज्या वेलावर रोग नाही आणि शेंगांचे घोस भरघोस आहेत, त्यावरील काही घोस बियांसाठी राखून ठेवावेत. शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात. दाणे काढून उन्हात कडक वाळवावेत आणि राख मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, म्हणजे भुंगा लागत नाही. भाजीच्या शेंगा मात्र कोवळ्या असतानाच नियमितपणे तोडाव्यात. शेंगा वेलावर जून होऊ दिल्यास नवी फुले कमी येतात.

घरचे बियाणे जपण्याचे महत्त्व राज्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या कुशीतील एका आदिवासी शेतकरी स्त्रीने सर्वांपुढे ठेवले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावच्या श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी भात व भाजीपाल्याबरोबरच वाल-घेवड्याचे अनेक स्थानिक वाण जतन केले. ‘बीजमाता’ म्हणून त्यांचा लौकिक झाला आणि २०२० साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली. त्यांच्या कामाचा आरंभ घराच्या परसातील बियांपासूनच झाला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपले बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि कंपनीच्या नाममुद्रेखाली नसेल तर विकण्याचाही हक्क आहे. फूल येण्यापूर्वीच वेल उपटला गेला, तर भाजीबरोबर ते बियाणेही नाहीसे होते. गावातील एखादा जुना वाण अशा रीतीने दोन-तीन हंगामांत कायमचा लोप पावू शकतो.

शाळा, अंगणवाडी आणि पंचायत

केंद्र शासनाने २०१९ साली शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिक वर्गातील मुलामागे रोज ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलामागे ७५ ग्रॅम भाजीचे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे ४० मुलांच्या प्राथमिक शाळेला रोज दोन किलो भाजी लागते. वालाच्या एका मांडवाने ही संपूर्ण गरज भागणार नाही. परंतु हिवाळ्यात आठवड्यातून एखादा दिवस ताज्या शेंगांची भर घालणे त्याला शक्य आहे.

वालाचा हंगाम विदर्भातील शाळांच्या वर्षाशी चांगला जुळतो. येथील शाळा उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे जूनच्या अखेरीस सुरू होतात. तीच पेरणीची वेळ असते. तोडणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, म्हणजे शाळा भरात असताना होते. अडचण एकच आहे. वेल फुलावर येतो तेव्हाच दिवाळीची सुटी लागते आणि ज्या दिवसांत पाण्याची सर्वांत अधिक गरज असते, त्याच दिवसांत पाणी घालणारे कोणी नसते. म्हणून सुटी लागण्यापूर्वीच शाळेजवळ राहणारे पालक, बचत गटातील भगिनी किंवा ग्रामपंचायतीचा कर्मचारी यांच्यात पाण्याच्या पाळ्या ठरवून द्याव्यात. आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घातल्यास ओल अधिक काळ टिकते.

शिक्षकांना या वेलातून विज्ञानाचा एक पाठही सहज देता येतो. पंचांगातील किंवा दिनदर्शिकेतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मुलांनी दर आठवड्याला वहीत टिपाव्यात, दिवसाची लांबी काढावी आणि पहिले फूल कोणत्या तारखेला दिसले, त्याची नोंद करावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की वेल आणि सूर्य यांचा संबंध मुलांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. २०१८ पासून सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने परसबागांची पाहणी होते. सप्टेंबरमध्ये वालाच्या मांडवावर पानांखेरीज काही दिसत नाही. त्या वेळी ‘उत्पन्न निरंक’ असा शेरा मारणे म्हणजे पेरणीनंतर महिनाभरात कापूस मागण्यासारखे आहे. सप्टेंबरमध्ये मांडव, आळे व वेलाची निगा तपासावी. उत्पन्नाची नोंद जानेवारीत घ्यावी. सप्टेंबरमध्येही ताटात भाजी हवी असेल, तर वालाच्या सोबत बरबटी, गवार किंवा भेंडी यांसारख्या लवकर येणाऱ्या भाज्या लावाव्यात. त्या पावसाळ्यात भाजी देतील आणि त्या संपता संपता वालाला बहर येईल.

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना या कामी फार मोठी तरतूद करावी लागत नाही. मांडवासाठी बांबू, सार्वजनिक विहिरीच्या किंवा नळाच्या सांडपाण्याला परसबागेकडे वळविणारी चर आणि गावातील जुन्या जाणत्या स्त्रियांकडील बियाण्याची ओंजळ-ओंजळ देवाणघेवाण, एवढ्या गोष्टी गावातच होऊ शकतात. तांत्रिक सल्ल्यासाठी नागपुरात १९०६ पासून कार्यरत असलेले कृषी महाविद्यालय, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र यांचे साहाय्य घेता येते.

परसबागेची योजना कागदावर जूनमध्ये सुरू होते आणि बहुधा मार्चमध्ये तिचा हिशेब होतो. वालाचा वेल आपला हिशेब सूर्याशी ठेवतो. त्याचे वेळापत्रक ओळखून दसऱ्याच्या वेळी कोयता थांबविला, तर संक्रांतीच्या भाजीत त्याच्या शेंगा असतील आणि पुढच्या मृगासाठी मूठभर बियाणे डब्यात शिल्लक राहील.